वॉर्डाच्या स्वप्नात येणारे दादा

पार्षद, म्हणजे नगरसेवक, वसंत धोटे यांचं घर शोधत कुणी भोपाळच्या पिपलानीत आलं, तर पानवाला आधी बुचकळ्यात पडायचा. मग त्याचा चेहरा उजळायचा. "अच्छा, दादा का घर! सीधे जाओ, टंकी के पीछे." दादा म्हणजे वसंतचे वडील, काशिनाथ धोटे. त्यांना जाऊन पंचवीसेक वर्षं उलटली होती. वसंत पुन्हा पुन्हा निवडून आला होता, टाकीमागची गटारं त्याने बांधून घेतली होती, रस्त्यावरचे दिवे त्याने लावून घेतले होते. पण पत्ता गेलेल्या माणसाच्या नावाने चालायचा, आणि खरं सांगायचं तर वॉर्डही त्याच्याच नावाने चालायचा.

दादा वर्ध्याहून आले ते फिटर म्हणून. कारखाना तेव्हा नुकता उभा राहत होता, वसाहतीत झाडांपेक्षा विटांचे ढीग जास्त होते. अंगात धमक होती, आवाज खणखणीत होता, आणि कुणाच्याही मदतीला धावून जायची खोड होती. आधी युनियनचे अध्यक्ष झाले, मग नोकरी सोडून पार्षद. सकाळी व्हरांड्यात माणसांची रीघ लागायची. कुणाची बढती अडलेली, कुणाच्या पोराला शाळेत प्रवेश हवा, कुणाचा नवरा दारू पिऊन मारतो. दादा कुणाला नाही म्हणत नसत. घरच्यांना मात्र ते फारसं काहीच म्हणत नसत. मुलाशी त्यांचं बोलणं म्हणजे "जेवलास का" आणि "सायकलला तेल घाल", एवढंच.

वसंत बापाच्या अगदी उलटा. कारखान्यात ड्राफ्ट्समन होता, चार माणसांत बोलायची वेळ आली की त्याचे कान लाल व्हायचे. पण एखाद्या शिकाऊ पोराला नकाशा समजावून सांगायला बसला की हाच माणूस तास न् तास बोलायचा. त्याला शिकवायचं होतं. नागपूरच्या एका तंत्रनिकेतनात त्याला शिक्षकाची नोकरी लागलीसुद्धा. नवी सून शोभा नागपूरचीच. माहेर जवळ येणार म्हणून तिने आनंदाने भांडी बांधायला घेतली होती. वसंतने भीत भीत दादांना सांगितलं. दादा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली, "हं" म्हणाले आणि पान उलटलं.

त्यानंतर आठवडाभरात दादा गेले. कारखान्याच्या गेटवर सभेत बोलत होते, बोलता बोलता खाली बसले ते उठलेच नाहीत. त्या "हं"चा अर्थ विचारायचा राहून गेला.

तेराव्याला क्वार्टरसमोर मांडव घातला होता. आत गोड जेवणाची तयारी चाललेली, बाहेर दादांचा हार घातलेला मोठा फोटो पाटावर, आणि फोटोपुढे मुंडण केलेला वसंत. तेवढ्यात कारखान्यातल्या दादांच्या शॉपमधले, म्हणजे त्यांच्या विभागातले, जुने कामगार आले. पुढे रामसजीवन फोरमन, रीवाकडचा धिप्पाड माणूस, दादांच्या गळ्यातला ताईत. त्याच्या दोन्ही हातांत नवी कोरी केशरी पगडी होती.

 शेजारच्या तिवारींकडे वसंतने हे पाहिलं होतं. बाप गेला की तेरवीला मुलाच्या डोक्यावर पगडी बांधतात. आजपासून बापाचं सगळं त्याच्या शिरावर. नागपूरहून आलेले भालचंद्रकाका मागून कुजबुजले, "अरे, आपल्यात नसतं हे, सांग त्यांना." पण वसंतने त्या माणसांचे डोळे पाहिले. रडून रडून सुजलेले होते. इतक्या प्रेमाने आणलेल्या वस्तूला नको कसं म्हणायचं? त्याने मान खाली घातली. रामसजीवनचे हात हवेत थबकले. दुःखाने थबकले असतील, असं वसंतला वाटलं. मग पगडी डोक्यावर आली, मांडवात एकदम गलबला झाला, कुणीतरी "दादा अमर रहें" म्हणालं, आणि आत शोभाने हातातलं ताट खाली ठेवलं. ती शहाणी होती. आता नागपूर सुटलं, हे तिला तिथल्या तिथे कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांडा भरला. दादा गेले म्हणजे लोकांची कामं थोडीच संपली होती. वसंत कान लाल करून बसला आणि एकेकाचं ऐकत राहिला. तंत्रनिकेतनाला त्याने नकार कळवला. पोटनिवडणुकीत पक्षाने तिकीट दिलं आणि तो दणक्यात निवडून आला. पोस्टरवर दादांचा चेहरा ताटाएवढा होता आणि वसंतचा वाटीएवढा. पुढे त्याने नोकरीही सोडली. शोभा वसाहतीच्या शाळेत शिकवायची, तिच्या नावावर क्वार्टर राहिलं. "राजकारण धोट्यांचं, छप्पर माझं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

आणि मग दादा स्वप्नात येऊ लागले.

पहिलं स्वप्न पडलं सिंधूबाईंना. कँटीनमधल्या एका कामगाराची ही विधवा, मूळची अमरावतीची. सकाळी सकाळी येऊन व्हरांड्यात बसली. "वसंता, काल दादा आले होते रे स्वप्नात. म्हणाले, वसंताला सांग, सिंधूच्या गल्लीत नळ नाही."  महिन्याच्या आत वसंतने गल्लीत नळ आणला. ही बातमी वसाहतभर पसरायला वेळ लागला नाही. मग काय विचारता! ज्याला त्याला दादा दिसू लागले. दादा म्हणाले गल्लीत विटांचा खडंजा टाक, दादा म्हणाले याच्या भाच्याला नोकरीला चिकटव, दादा म्हणाले समोरच्या गुप्ताचा ओटा पाड. एवढं न कळायला वसंत काही दुधखुळा नव्हता. पण हो म्हणताना त्याची जीभ अडत नसे आणि नाही म्हणताना टाळ्याला चिकटत असे. दहातली नऊ स्वप्नं खोटी, हे ठीक, पण दहावं?

दहावं स्वप्न एका निवृत्त चौकीदाराचं होतं. हा म्हातारा कधी काही मागायला आला नव्हता. त्या दिवशी तो फाटकाशीच उभा राहिला. म्हणाला, दादा आपके बरामदे में थे, नंगे सिर. इधर-उधर कुछ ढूँढ रहे थे. वसंतने विचारलं, काय म्हणाले? म्हातारा म्हणाला, कुछ नहीं बोले, मेरी तरफ देखा भी नहीं. एवढं सांगून तो निघून गेला. त्यानंतर व्हरांड्याचं दार उघडताना वसंतचा हात दरवेळी कडीवर घुटमळायचा.

दादा नुसते लोकांच्या स्वप्नात येत असते तर एक वेळ परवडलं असतं. ते वसंतमध्येही यायला लागले. स्वयंपाकघरात शिरताना तो खाकरायचा. "आत्ता तुम्हीच खाकरलात ना?" शोभा विचारायची. "मामंजी अगदी असंच खाकरायचे." त्याचा आवाज खाली उतरला. सही करताना 'धोटे'मधल्या मात्रेला दादांसारखा झोकदार फराटा येऊ लागला. एकदा एका सभेत तो बोलत होता आणि समोरच्या जुन्या बायका पदराला डोळे पुसत होत्या. खाली उतरल्यावर त्याला आठवेना, की आपण नेमकं काय बोललो. आपल्या तोंडून दुसरंच कुणी बोलून गेलं, या विचाराने त्याला घाम फुटला. टाळ्या मात्र भरपूर पडल्या होत्या.

आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती, शोभालाही नाही. सगळ्या वॉर्डाच्या स्वप्नात जाणारे दादा त्याच्या स्वप्नात एकदाही आले नाहीत. त्याने किती वाट पाहिली. दुपारी दादांच्या आरामखुर्चीत मुद्दाम डुलकी काढून पाहिली. गुप्ताच्या ओट्यासाठी येणारा बाप पोटच्या पोराकडे का येत नाही? काहीतरी चुकतंय, आपण पगडीचं नीट करत नाही, म्हणून ते रागावलेत, असं त्याच्या मनाने घेतलं. तो आणखी राबायचा, आणखी हो म्हणायचा.

एकदा पक्षाने त्याला महापौरपदालाही उभं केलं. वसाहतीबाहेरच्या शहरात तो पहिल्यांदाच मतं मागत फिरला. जुन्या भोपाळात एका गल्लीत त्याने सवयीने सांगितलं, मी दादांचा मुलगा. समोरच्या कबाबवाल्याने सळई फिरवता फिरवता विचारलं, "कौन दादा?" वसंतच्या पाठीवरून कुणीतरी हात काढून घ्यावा तसं त्याला वाटलं. वसाहतीत त्याला भरभरून मतं पडली आणि बाकी शहरात त्याने सपाटून मार खाल्ला. कार्यकर्ते चेहरे पाडून बसले होते. वसंत मात्र मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारता मारता हसत होता. एवढं मोठं शहर, आणि तिथे कुणाच्याही स्वप्नात दादा नव्हते. बाहेर येताना त्याने चेहरा पुन्हा सुतकी केला.

अशी वर्षं गेली. कारखान्यातली माणसं निवृत्त होऊन कोलार रोडला, नेहरू नगरला घरं बांधून गेली. क्वार्टरं रिकामी पडू लागली, काहींच्या भिंतींतून पिंपळ उगवले. आणि मग वसंतचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला.

पक्षाचे सक्सेनाजी मिठाईचा डबा घेऊन आले. आधी शोभाला विचारलं. शोभा बिट्टन मार्केटहून भाजी घेऊन नुकती आली होती. तिने मेथीची जुडी सोडता सोडता सांगितलं, "मुझे उस कुर्सी पर बिठाया तो मैं उसी दिन की गाड़ी से नागपुर." सक्सेनाजी हसले, त्यांना हे अपेक्षितच असावं. त्यांची नजर अनुराधाकडे वळली.

अनुराधा ही वसंतची एकुलती एक मुलगी. नद्यांच्या पुरांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत तिला गुवाहाटीला नोकरी लागली होती, जायच्या आधी चार दिवस घरी आली होती. पूर म्हटलं की पोरगी जेवण विसरायची. "दादा की पोती," सक्सेनाजी म्हणाले, "नाक बिल्कुल वही." व्हरांड्यातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हाताऱ्या झालेल्या सिंधूबाईंनी तर डोळे मिटून सांगूनच टाकलं, की परवाच दादा आले होते, म्हणाले आता अनूला बसवा.

 पोरगी वाचली पाहिजे, एवढं एकच वसंतला कळत होतं. आपलं काय व्हायचं ते झालं. पण तिने स्वयंपाकघरात शिरताना खाकरलेलं त्याला बघायचं नव्हतं. मात्र नाही म्हणायचं तर कुणाला म्हणायचं? सक्सेनाजींना म्हणता आलं असतं. दादांना कसं म्हणणार? तो नुसता बघत राहिला. सक्सेनाजी म्हणाले, संध्याकाळपर्यंत सांगा, आणि डबा ठेवून गेले.

पगडी ज्याने बांधली तोच ती उतरवायची रीत सांगेल, असं वसंतला वाटलं. जेवण न करताच त्याने स्कूटर काढली आणि कोलार रोड गाठला. रामसजीवन तिथे मुलाकडे राहत होता. धिप्पाड शरीर आता आटलं होतं, पण कान शाबूत होते. बाल्कनीत ऊन खात बसला होता.

"काका, एक बात पूछनी थी," वसंत म्हणाला. "पगड़ी उतारने की भी कोई रस्म होती है क्या?"

"कौन सी पगड़ी?"

"जो आपने मुझे बाँधी थी. दादा की तेरवीं में."

 म्हाताऱ्याने मुलाला आत पाठवलं, चहा आण म्हणून. मग खुर्ची जवळ ओढली. "भैया, बुरा मत मानना. इतने साल में कह नहीं पाया. वो पगड़ी आपके लिए थी ही नहीं."

वसंतला वाटलं, म्हातारपणाने काहीतरी बरळतोय.

"बेटे की पगड़ी तो रिश्तेदार लाते हैं, ननिहाल से, ससुराल से. हम कारखाने वाले कौन होते हैं आपको बाँधने वाले? दादा गेट पर गिरे तो उनकी टोपी भीड़ में कुचल गई थी. नंगे सिर गए वो. हम सबको बहुत खटका. इसलिए पगड़ी लाए थे, उनकी फोटो को पहनाने. आप फोटो के आगे बैठे थे. मैं झुका, और आपने सिर आगे कर दिया."

वसंतला चौकीदाराच्या स्वप्नातले बोडक्या डोक्याचे दादा आठवले. 

"मैं रुका भी था," रामसजीवन म्हणाला. "पर झुके हुए सिर के ऊपर से हाथ निकालकर फोटो को कैसे पहनाता? भरी बिरादरी में आपका अपमान होता. सबने सोचा, चलो, लड़का खुद संभालना चाहता है."

"मुझे लगा, ना बोलूँगा तो आप लोगों को बुरा लगेगा."

"और हमें लगा, आपको बुरा लगेगा."

चहा आला. दोघांनीही घेतला नाही. मग म्हातारा म्हणाला, "दादा तो शॉप में सबको बता रहे थे. लड़का नागपुर जा रहा है, मास्टर बनेगा. पेड़े बाँटे थे उन्होंने. आपसे नहीं कहा?"

वसंत तिथून कसा निघाला ते त्याला कळलं नाही. रस्त्याच्या कडेला स्कूटर लावून तो एका पुलाच्या कठड्यावर बसला. आधी त्याला राग आला, आणि राग काढायला माणूसच सापडेना. रामसजीवनवर काढावा, तर त्याने मान राखली होती. दादांवर काढावा, तर त्यांनी पेढे वाटले होते. कुणी काही मागितलंच नव्हतं. मग राग ओसरला आणि त्याला विलक्षण एकटं वाटलं. इतकी वर्षं पाठीमागे कुणीतरी उभं आहे, बघतंय, नाराज आहे, या धाकात तो जगला होता. आता वळून पाहिलं तर मागे कुणीच नव्हतं, कधीच नव्हतं. बाप स्वप्नात येत नव्हता तो काही रागावून नव्हे. त्याला पोराकडे काही काम नव्हतं. पोरगा त्याच्या मते नागपूरला सुखात शिकवत होता.

घरी पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. व्हरांड्यात अनुराधा एकटीच होती. मिठाईचा डबा उघडा होता. आतून शोभाने भांडं आदळल्याचा आवाज आला. "या! तुमची लेक हो म्हणून बसली सक्सेनाला."

"बाबा, टेन्शन नका घेऊ," अनुराधा घाईघाईने म्हणाली. "पाच सालचाच तर सवाल आहे. गुवाहाटीवाल्यांना मी सांगीन काहीतरी."

"तुला कोण म्हणालं हो म्हण म्हणून?"

"कुणी नाही."

"मी म्हणालो?"

"तुम्ही कुठे काय म्हणता, बाबा?" तिने डब्याचं झाकण लावलं. "सकाळी अंकल विचारत होते आणि तुम्ही नुसते बघत बसलात. मग न जेवताच निघून गेलात. मला वाटलं, मी नाही म्हटलं तर तुम्हाला वाईट वाटेल."

वसंत तिच्या शेजारी बसला. उभ्या आयुष्यात सभेत बोलला नव्हता इतकं तो बोलला, आणि या वेळी प्रत्येक शब्द त्याचा स्वतःचा होता. मांडव, फोटो, थबकलेले हात, पेढे, सगळं सांगितलं. शोभा केव्हा दारात येऊन उभी राहिली ते दोघांनाही कळलं नाही. पेढ्यांचं ऐकल्यावर तिने पदर तोंडाला लावला.

अनुराधाने विचारलं, "म्हणजे मी नाही म्हटलं, तर तुम्हाला नाही वाईट वाटणार?"

अजिबात नाही, असं सांगणं अगदी सोपं होतं. एकमेकांना वाईट वाटू नये म्हणून या घरात आजवर असंच गोड बोललं गेलं होतं.

"वाटेल," वसंत म्हणाला. "सकाळी या व्हरांड्यात कुणी येणार नाही, त्याची सवय व्हायला मला वेळ लागेल. लोक म्हणतील, धोट्यांचं संपलं, तेही झोंबेल. तू गेलीस की घर खायला उठेल. वाईट तर वाटणारच आहे, अनू. वाटू दे. ते माझं आहे, ते तू डोक्यावर घ्यायचं नाही. तू जा."

 अनुराधाने सक्सेनाजींना फोन लावला, आणि पलीकडून तो उचलला जाईपर्यंत बापाचा हात घट्ट धरून ठेवला.